हो म्हटलं की घंटी

सोमवार, ४ फेब्रुवारी

पहिल्याच दिवशी तोंड सोडलं मी. रिटायर झाले तेव्हा वॉर्डातल्या नर्स पोरींनी टाळ्या वाजवून निरोप दिला. त्यातल्या निम्म्या टाळ्या 'सुटलो एकदाचे' म्हणून होत्या, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी जीभ काही सुधारत नाही.

वर्गासाठी संस्थेने लाँड्रीच्या वरची खोली दिलीय. खालून दिवसभर वाफ येते, भिंतींना साबणाचा वास आहे, आणि मशीन जोरात फिरायला लागलं की टेबलावरचे पेले थरथरतात. वर्गात सात बायका आणि एक मास्तर. सगळे घरदार सोडून आलेले, कुणी लढाईतून, कुणी छावणीतून. आता ह्यांनी आपापल्या लोकांत घरोघरी फिरायचं. कुणाला खोकला आहे, कुणाचं बाळ लशीवाचून राहिलंय, कोण दवाखान्याला घाबरतं ते बघायचं आणि त्या माणसाला दवाखान्यापर्यंत आणायचं. हे मी त्यांना तीन महिन्यांत शिकवायचं. तशी मीही इथली नव्हेच. पण मी आले ती नोकरीचं पत्र घेऊन, ऐटीत, विमानातून. हे लोक आले नेसत्या वस्त्रानिशी. त्यांच्यासमोर उभं राहिलं की ते मनात खुपतं, आणि खुपलं की मी जास्तच कडक होते.

एक बाई उशिरा आली. कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते, म्हणून सगळे तिला शिवणवालीच म्हणतात. मी म्हटलं, "बाई, पेशंट तुमची वाट बघत मरायचा की हो!" ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली, पिशवी छातीशी धरून.

मग माझं भाषण. "हे काम पायांचं आहे. जिने चढायचेत, उन्हातान्हात फिरायचंय. ज्याची तब्येत ठणठणीत नाही त्याने आत्ताच सांगावं, जागा दुसऱ्याला देऊ. बाहेर पुष्कळ लोक थांबलेत." कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे सगळे ठणठणीत. बरं वाटलं.

घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी फौजदारी? अगं, तिला उशीर का झाला ते तरी विचारलंस?" नाही विचारलं. जेवताना तेच डोक्यात होतं, भाजीत मीठ दोनदा पडलं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आज नाटकाला सुरुवात. मी त्याला नाटकच म्हणते. दोन खुर्च्या समोरासमोर, एकीवर पेशंट, दुसरीवर कार्यकर्ती. पेशंटने चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत आजार. कार्यकर्तीने बोलून बोलून त्याला दवाखान्यात यायला राजी करायचं. पेशंट 'हो, जाईन' म्हणाला की मी घंटी वाजवणार, नाटक संपलं. घंटी ह्यांच्या औषधांच्या दुकानातली, काउंटरवरची, पितळेची. दुकान विकलं तेव्हापासून माळ्यावर पडून होती. मास्तर म्हणाले, "घंटी झाली की शाळेतली पोरं पळतात, सिस्टर. आम्हीही पळू." वर्ग हसला. मलाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

शिवणवालीच्या चिठ्ठीत मधुमेह निघाला. तिने चिठ्ठी परत ठेवली. म्हणाली, "हे मला जमणार नाही, दुसरी घेते." चिठ्ठ्या उलगडून बघून तिने छातीतल्या गाठीची निवडली. मी म्हटलं, हौस बघा बाईची! समोर कार्यकर्ती म्हणून हसरी. ही वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, बोलण्याआधी खुदकन हसते.

पण काय काम केलं त्या बाईने! एरवी तोंडातून शब्द फुटत नाही. खुर्चीत बसली आणि खाली बघून म्हणाली, "दुखत नाही. दुखलं असतं तर सांगितलं असतं. घरी म्हातारी सासू आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. नवरा मागेच राहिला, आहे की नाही तेही माहीत नाही. मी झोपले तर ह्यांना कोण बघणार?" हसरी हसायचं विसरली. पाठ केलेली वाक्यं तिने धडाधडा म्हटली, लवकर कळलं तर बरं होतं, तपासताना दुखत नाही, वगैरे. शिवणवालीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो. जाईन."

टिंग! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी. शिवणवाली जरा वेळ खुर्चीतून उठलीच नाही. भूमिकेत शिरली होती, दुसरं काय.

पहिल्या दिवशी हिच्यावर खेकसले त्याचं फार वाईट वाटलं. जाताना मुद्दाम पाठीवर हात ठेवून म्हटलं, "छान केलंत हो."

बुधवार, २७ फेब्रुवारी

छातीतली गाठ बोटांना कशी लागते ते शिकवायला रबराचा नमुना मिळतो, पण संस्थेत अर्ज केला तर पुढच्या वर्षी येईल. शिवणवालीला परवा म्हटलं, कापडाचा शिवाल का? आत कापूस, कापसात एखादा वाटाणा. तिने आजच आणून दिला. फिक्या रंगाच्या मऊ कापडाचा, फारच सुबक. वाटाणा नाही, आत काहीतरी खडबडीत घातलंय, घट्ट शिवून टाकलंय. बोटाने ढकललं तरी हलत नाही. आणि त्या जागी वरचं कापड किंचित आत ओढलं गेलंय, चुणी पडल्यासारखं.

मी म्हटलं, "अहो, हे फारच खरं झालं! बायका घाबरतील. गाठ जरा सैल ठेवा, हलती. आणि ती चुणी काढून टाका."

तिने विचारलं, "हलती गाठ चांगली की वाईट?"

"बहुतेक वेळा हलती तेवढी चिंतेची नसते. पण दोन्हीला डॉक्टरच हवा."

"आणि न हलणारी?"

"तिला उशीर करायचा नाही," मी म्हटलं, आणि फळ्याकडे वळले. मन लावून शिकते बाई. अशी एक जरी वर्गात असली तरी शिकवणाऱ्याचं सोनं होतं. आता दुकानातलं काम सांभाळून ती तो नमुना उसवून पुन्हा शिवत बसणार, ह्याचीच टोचणी लागून राहिलीय.

मंगळवार, १२ मार्च

संस्थेच्या मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन आल्या. मी अर्थातच शिवणवालीचं नाटक ठेवलं. दुकानातून सुट्टी घ्यायला लावली तिला. आधी नको म्हणत होती. मी म्हटलं, "माझ्यासाठी एकदा."

आज तिने नवीनच काहीतरी घातलं. म्हणाली, "मी जिथे काम करते तिथे कळलं तर मला काढून टाकतील." हसरी गडबडली. हे तिच्या पाठांतरात नव्हतं. माझ्याकडे बघायला लागली. मी हळूच म्हटलं, "दवाखान्यातलं दवाखान्यात राहतं, असं सांग." हसरीने सांगितलं.

शिवणवाली वळली ती थेट माझ्याकडे. "आणि कामावर? कामावर काय होतं?"

मी हसून म्हटलं, "बाई, भूमिका सोडू नका! तुमची कार्यकर्ती समोर बसलीय." पाहुणे हसले. ती पुन्हा हसरीकडे वळली, म्हणाली, "हो. जाईन." टिंग. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तर रत्न शोधलंत!"

मी फुगले. लपवून काय करू. नंतर जिन्यात ती एकटी भेटली, डाव्या हाताने कठडा धरता धरता तिने उजव्याने धरला. मी म्हटलं, दमलात का? म्हणाली, नाही. सुट्टी घ्यायला लावली म्हणून मी माफी मागितली. ती म्हणाली, "त्याचं काही नाही, सिस्टर."

रविवार, २४ मार्च

लेकीचा फोन. नव्या वर्गाचं कौतुक मी तिला इतकं सांगितलं की म्हणाली, "आई, माझ्या शाळेच्या नाटकाला तर तू कधी आली नव्हतीस." ड्यूटी असायची गं, म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ चहा पुढ्यात तसाच राहिला.

मंगळवार, २ एप्रिल

कसं लिहू.

आणखी चार नमुने शिवायला सांगितले होते. आज तिने आणले. चारही हातात घेऊन बघितले आणि माझं डोकं फिरलं. चारहीत गाठ घट्ट, त्याच जागी. चारहीवर तीच चुणी. मी म्हटलं, "अहो, किती वेळा सांगायचं? सैल म्हटलं होतं ना मी!"

वर्ग सुटला होता. ती पिशवीची कड मुडपत म्हणाली, "सैल मला शिवता येत नाही, सिस्टर. हाताला जशी लागते तशीच शिवली जाते."

नमुना माझ्या बोटांत होता. चौतीस वर्षं नर्स होते मी. म्हटलं, "बाई, आत चला." आतल्या मोरीत कडी लावली, तपासू का विचारलं, तिने मान हलवली. डाव्या बाजूला, वर, काखेकडे. घट्ट. वरची कातडी ओढलेली. तिने हुबेहूब शिवली होती, मला पाच वेळा शिवून दिली होती, आणि मी म्हणत होते चुणी काढून टाका.

"कधीपासून?"

"वर्गाच्या आधीपासून. पहिल्या दिवशी मी दवाखान्याच्या रांगेतूनच आले होते. माझा नंबर यायला वेळ होता. नवीन वर्ग, तुम्ही रागवाल, म्हणून रांग सोडली. तरी उशीर झालाच." मग म्हणाली, "आणि तुम्ही म्हणालात, ज्याची तब्येत ठीक नाही त्याची जागा दुसऱ्याला देऊ. हे काम मिळालं तर आम्हाला निवाऱ्यातून निघून स्वतःच्या घरात राहता येईल. मुलीला सांगून बसलेय मी."

मी म्हटलं, "अगं पण मला एकटीला तरी सांगायचंस!"

ती बघत राहिली माझ्याकडे. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "दोनदा सांगितलं, सिस्टर. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

मी रडले. पेशंटसमोर आयुष्यात कधी रडले नव्हते. तीच मला म्हणाली, खाली बसा. मी म्हटलं, उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं. म्हणाली, "हो. जाईन."

मंगळवार, ९ एप्रिल

ती गेलीच नाही.

आठवडाभर मी खुशाल होते. हो म्हणाली ना! घंटी टेबलावर होती, पण माझ्या मनात ती टिंग झाली आणि मी घरी येऊन हुश्श केलं. दवाखान्यात माझ्या ओळखीची नर्स आहे, आज सहज तिला विचारलं. अशी कुणी बाई आलीच नाही म्हणाली.

'हो' म्हटलं की मी गप्प बसते, हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे. मीच शिकवलंय. सगळ्या वर्गाला शिकवलंय, की माणूस हो म्हणाला की आपलं काम झालं. वर्ग संपला की हे आठ जण घरोघरी जाणार, लोक त्यांना वाटेला लावायला हो म्हणणार आणि हे खुशीत जिने उतरणार. काय शिकवलं मी मेलीने दोन महिने!

ह्यांना म्हटलं, मी नालायक आहे. ते घड्याळाला चावी देत होते, म्हणाले, "असशील. पण ते ठरवत बसायला तुला आत्ता वेळ नाही. तिला कशाची भीती आहे ते माहीत आहे ना? मग त्याचं बघ."

बुधवार, १० एप्रिल

मोठ्या बाईंकडे गेले. कुणाचं नाव न घेता विचारलं, वर्गातली एखादी आजारी निघाली तर तिची जागा जाते का? त्या चष्मा काढून म्हणाल्या, "भलतंच काय? असा नियम नाही आपला. उपचार संपेपर्यंत जागा राखून ठेवतो की आपण. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मीच. मीच सांगितलं होतं, मलाच. जुन्या वॉर्डात आमच्या मेट्रन नव्या पोरींना असंच दरडावायच्या, ते माझ्या तोंडात बसलंय. नियम नाही, काही नाही, नुसती जिभेची खाज! त्या एका वाक्यापायी ती बाई दोन महिने गाठ घेऊन फिरली.

मोठ्या बाईंकडून तेच एका कागदावर लिहून घेतलं, सही घेतली, आणि बस पकडून थेट निवाऱ्यात गेले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, दारांबाहेर चपला. तिची सासू खाटेवर मटार सोलत होती. शिवणवालीने मला बघितलं आणि पांढरी पडली. मी तिच्या हातात कागद दिला. म्हटलं, "मी खोटं बोलले होते. मुद्दाम नाही, पण खोटंच. तुझी जागा कुठे जात नाही." तिने दोनदा वाचला. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

"उद्या जाऊ या," मी म्हटलं.

"हो. जाईन."

"जाईन नाही. जाऊ. आणि उद्या सकाळी मी ह्याच दारात उभी असेन. तू दार उघडेपर्यंत मी हलणार नाही. शेजारपाजारी तमाशा झाला तर होऊ दे."

सासूने मटाराची टोपली बाजूला केली. तिला आमची भाषा कळत नाही, पण सुनेचं तोंड कळतं. तिने काहीतरी विचारलं. शिवणवालीने सासूचा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. म्हातारीने हाय खाल्ली असेल असं वाटलं मला, पण तिने सुनेच्या काडकन थोबाडीत दिली आणि मग तिला कवटाळून बसली. मी मटार सोलायला घेतले. दुसरं काय करणार होते?

गुरुवार, ११ एप्रिल

गेलो. तिघी. तपासलं, सुई घालून तुकडा घेतला. ती माझं मनगट धरून होती. वळ उठलेत, आत्ता लिहिताना दिसतायत.

बुधवार, २४ एप्रिल

तेच आहे. काखेतही पोचलंय थोडं. ऑपरेशन, मग लांबचे उपचार. डॉक्टर समजावत होत्या, प्रत्येक वाक्यानंतर "कळलं?" विचारत होत्या. ती दोनदा हो म्हणाली. तिसऱ्यांदा थांबली. म्हणाली, "नाही. कळलं नाही मला काहीच. पहिल्यापासून सांगा." डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगितलं.

ती कपडे घालायला आत गेली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "फेब्रुवारीत आली असती तर?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगता येणार नाही, सिस्टर. कदाचित काखेत नसतं. कदाचित तेव्हाही असतं. तुम्हालाही ठाऊक आहे." ठाऊक आहे. हजार नातेवाइकांना मी हेच उत्तर दिलंय आणि पुढच्या खाटेकडे गेलेय. त्या बिचाऱ्या लोकांनी ते घरी नेऊन काय केलं असेल?

ह्यांनी रात्रीचं जेवण वाढलं. मला घास जाईना. म्हणाले, "तू उपाशी राहून तिचं दुखणं कमी होणार आहे का? जेव." जेवले.

शुक्रवार, ३ मे

वर्गाचा शेवटचा दिवस. सोमवारी तिचं ऑपरेशन. तिने आपल्या तोंडाने सगळ्यांना सांगितलंय, त्यामुळे आता लपवाछपवी नाही. मास्तरांनी तिच्या मुलीचा अभ्यास घ्यायचं कबूल केलंय. हसरी दुकानात तिच्या बदली शिवणाला बसणार आहे. हिला साधं बटण लावता येत नाही, देव त्या दुकानाचं भलं करो.

गेले काही आठवडे घंटी आणत नाही मी. आता पेशंट हो म्हणाला की नाटकाचा दुसरा भाग सुरू होतो. कधी, कुणाबरोबर, आणि कशाची भीती आहे? आज मास्तर म्हणाले, "शेवटच्या दिवशी सिस्टरना पेशंट करा!" वर्गाने उचलून धरलं. शिवणवाली आपण होऊन कार्यकर्तीच्या खुर्चीत जाऊन बसली.

मी ठरवलं, रक्तदाबाची पेशंट व्हायचं. सोपं असतं.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही नाही हो. जरा डोकं धरतं. झोप नाही."

"दवाखान्यात गेलात?"

"जाईन की."

हसरीचा हात घंटीसाठी टेबलाकडे गेला, तिथे काही नव्हतं. शिवणवाली हलली नाही. वाट बघत बसली. खालचं मशीन फिरायला लागलं, पेले थरथरले.

"जाईन म्हणता. झोप का नाही पण?"

"भीती वाटते," मी म्हटलं.

"कशाची?"

आणि माझ्या तोंडून भलतंच गेलं. म्हटलं, "माझ्यामुळे एका बाईला उशीर झाला. तिचं बरंवाईट झालं तर..." पुढे बोलता येईना. हसरीला वाटलं सिस्टरनी काय झकास काम केलं. तिने टाळी वाजवली, मागून आणखी एकीने.

शिवणवालीने उजवा हात वर केला. "थांबा गं. खरं बोलतायत त्या."

तिने खुर्ची पुढे ओढली. आमचे गुडघे टेकले. म्हणाली, "सिस्टर, 'तुमची काही चूक नाही' असं मी म्हणायला हवं ना आता? ते मला आज म्हणता येत नाही. झाली आहे चूक. पुढचं पुढे बघू, मी बरी झाले की. सोमवारी मला आत नेतील तेव्हा सासूबाई बाहेर एकट्या असतील. त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं. याल?"

"येईन," मी म्हटलं.

"येईन नको. किती वाजता?"

"सातला. हॉस्पिटलच्या फाटकाशी."

"कशाने?"

"पहिल्या बसने. ती चुकली तर हे गाडीने सोडतील."

तिने मान हलवली. उठता उठता, अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच त्या ठसक्यात म्हणाली, "उशीर करू नका हं, बाई. पेशंट वाट बघत मरायचा." वर्गाला हसावं की नाही ते कळेना. ती हसली, मग सगळे हसले. मला काही हसता आलं नाही.

रविवार, ५ मे

गजर लावला. ह्यांनाही बजावून ठेवलंय, मी उठले नाही तर हलवून उठवा, पाणी मारा, पण उठवा. चपला दाराशी काढून ठेवल्यात. सासूबाईंसाठी डब्यात मऊ भात घेणार आहे. बोलता येणार नाही आम्हाला एकमेकींशी, मटारही घेते बरोबर सोलायला.